मे महिन्यात बेस गिटारच्या ई तारेची खडखड, ट्रस रॉड (दांडीच्या आतली बाक ठरवणारी सळई) स्वतः फिरवू का? (नागपूर)

मनीषनगर_बेस

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे म्हणून सगळं एकदमच लिहितो. माझ्याकडे जॅझ बेस टाइपचा चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) बेस आहे, दिवाळीच्या सुमारास सेकंडहँड घेतला, तेव्हा एकदम मक्खन वाजत होता आणि मी त्याला कुठे स्क्रूड्रायव्हरसुद्धा लावला नाही. मे लागला आणि ई आणि ए तारेवर खडखड सुरू झाली. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) येते, म्हणजे ई तारेवर एफ किंवा जी धरला की तार पुढच्या फ्रेटला घासल्याचं साफ ऐकू येतं, पण बाराव्या फ्रेटच्या वर काहीच नाही. तारा पण आधीपेक्षा खाली बसल्यासारख्या वाटतात. वरून नेकच्या (दांडीच्या) कडेने हात फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात, हे आधी नव्हतं हे नक्की.

एका दुकानात दाखवला तर त्यांनी नुसता डोळ्यासमोर धरून सांगितलं की फ्रेट गेले, फाइल मारून लेव्हल करावे लागतील, ठेवून जा. मी ठेवला नाही कारण बुद्धपौर्णिमेला भीमगीतांचा कार्यक्रम आहे, तीन-साडेतीन तास सलग वाजवायचं आहे आणि दुसरा बेस नाही.

खोली वरच्या मजल्यावर आहे, पश्चिमेची भिंत, दुपारी हात लावता येत नाही इतकी तापते. बेस त्याच भिंतीला हँगरवर टांगलेला असतो आणि कूलर समोरच्या खिडकीत.

दुसरी गोष्ट, घरी अँपमध्ये हूंऽऽ असा आवाज येतो, तारांना हात लावला की कमी होतो. मागच्या कार्यक्रमात तर पूर्ण वेळ येत होता, साउंडवाला माझ्याकडेच बघत होता.

तर प्रश्न असा की ट्रस रॉड मी स्वतः फिरवू का, का खरंच फ्रेटचं काम आहे? नेक तुटते वगैरे ऐकून भीती वाटते.

टॅपेट

भाऊ, फाइल-बिइल काही मारू नको देऊ कोणाले. फ्रेट एका महिन्यात घासत नाही ना बे. दिवाळीत बरोबर होता, मे मध्ये बिघडला, मधात तू काही केलं नाही, म्हणजे लाकूड हललं. आता नेक अशी असतानी फाइल मारली तर पावसाळ्यात नेक परत सरकन आणि तेव्हा ते घासलेले फ्रेट काही परत वाढत नाही.

आधी मोज. डोळ्यानं पाहून ज्यानं सांगितलं त्याले काही समजलं असं मी म्हणत नाही. तुले पायजे फिलर गेज, तीच ती पात्यांची, मेकॅनिक लोकं बाइकचे टॅपेट सेट कराले वापरतात. कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात भेटते, म्युझिकवाल्याकडे कायले जातं. मी हिंगण्याले एमआयडीसीत मेंटेनन्सले आहे, माह्या खिशात राहतेच.

आता ऐक. बेस पूर्ण ट्यून कर, ई ए डी जी, ढिल्या तारांवर मोजलं तर सगळं फुकट. बेस टेबलावर आडवा ठेवून नाही मोजायचा, वाजवतो तसा मांडीवर उभा धर, आडवा ठेवला की नेक स्वतःच्या वजनानं वाकते. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून दाब, कॅपो नसन तर घरच्या कोणाले तरी बोट ठेवाले लाव. दुसऱ्या हातानं तीच तार जिथं नेक बॉडीले जुडते तिथल्या फ्रेटवर दाब. आता तार म्हणजे तुह्यी सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेच्या खाली आणि फ्रेटच्या वर किती फट आहे ते पातं घालून पाय. जॅझ बेस टाइपले 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट पायजे, ते 7.25 इंच रेडियसवाले (फिंगरबोर्डची गोलाई जास्त असलेले) जुन्या टाइपचे असन तर 0.35. पातं नसन तर व्हिजिटिंग कार्ड घाल, जाड कार्ड साधारण तेवढंच असते.

फटच नसन तर नेक जास्त सरळ झाली किंवा मांगे वाकली, आणि पहिल्या पाच फ्रेटवर खडखड येते ती त्याच्याचमुळे. मग रॉड ढिला कर. अॅलन की जिकडून आत जाते तिकडून पाहून घड्याळाच्या उलट दिशेनं. पाव आटा, म्हणजे चावीचा पाव फेरा. पावच, जास्त नाही. परत ट्यून, परत मोज. फट लय जास्त असन तर उलटं, घड्याळाच्या दिशेनं कस, पण कसण्याआधी तारा थोड्या ढिल्या कर, रॉडवर लोड कमी येते.

आणि चावी बरोबर साइजची पायजे. काही रॉड इंचात असतात काही एमएममध्ये, जवळपास बसते म्हणून चालवून घेतली की रॉडच्या नटचे कोपरे गोल झाले समज, मग दुकानवाला जे सांगन ते द्या लागन. फिरत नसन तर जोर नको लावू, थांब आणि इथं लिही.

तंबोरा

तीन तास बेस वाजवून राहिला आणि खडखड ऐकू येऊन राहिली म्हणजे नशीबवान आहे तू. आमच्याइकडे धुमाल बँड सुरू झाला की बेसवाला जेवाले गेला तरी कोणाले समजत नाही.

जी_तारेखालची

टॅपेटदादांनी बरोबर सांगितलंय, फाइल अजिबात नको. दोन गोष्टी वाढवते आणि एका ठिकाणी वाद घालते.

खडखड नेमकी कुठे येते यावरून निम्मं निदान होतं. पहिल्या पाचात असेल तर बहुतेक वेळा नेक जास्त सरळ. बाराव्याच्या वर असेल तर तारा फार खाली किंवा नेकला बाक जास्त. फक्त मोकळ्या तारेवर येत असेल आणि दाबल्यावर जात असेल तर नटची (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल झालेली. आणि एकाच तारेवर एकाच फ्रेटवर येत असेल तर तो पुढचा एखादा फ्रेट वर उठलेला असू शकतो. ते बघायला जुनं एटीएम कार्ड घे, त्याची कड तीन फ्रेटवर टेकव, मधला उंच असेल तर कार्ड डुगडुगतं. पहिल्या दहा फ्रेटवर हे करून बघ, पाच मिनिटांचं काम आहे. एखादाच उंच निघाला तरच फ्रेटच्या कामाचा विचार, तोही पावसाळ्यानंतर.

रॉड हा बाक ठरवण्यासाठी असतो, तारांची उंची ठरवण्यासाठी नाही. लोक तारा खाली आणायला रॉड कसत बसतात आणि मग म्हणतात नेक बिघडली. क्रम असा: ट्यूनिंग, मग बाक, मग ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा अडकतात त्या भागावरच्या) सॅडलने, म्हणजे तारेखालच्या सरकत्या आधाराने, उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा येणं), आणि सगळ्यात शेवटी पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांची) उंची. उंचीसाठी सतराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धर, ई तारेच्या बुडापर्यंत 2.4 मिमी आणि जी तारेला 2 मिमी हे चांगलं सुरुवातीचं माप आहे. 7.25 रेडियस असेल तर ई ला 2.8 आणि जी ला 2.4. तिथून तुझ्या हातावर. मी बोटं जोरात मारते त्यामुळे माझ्या तारा यापेक्षा वर असतात आणि त्याबद्दल मला कोणी काही सांगू नये.

आता वाद. "उन्हाळ्यात नेक मागे जाते आणि पावसाळ्यात पुढे" असं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात, आणि उलटं सांगणारेही तेवढेच. माझ्याकडे दोन बेस आहेत, एकाच कपाटात राहतात, त्यांचं एकमेकांशी पटत नाही, एक एकीकडे जातो दुसरा दुसरीकडे. नेकचं लाकूड वेगळं, फिंगरबोर्डचं वेगळं, एकाला पॉलिश दुसऱ्याला नाही, त्यामुळे कोण किती ओलावा पितं यावर सगळं आहे. म्हणून दिशा पाठ करू नका, मोजा. फ्रेटची टोकं टोचतात याला मात्र एकच कारण आहे. हवा कोरडी झाली की फिंगरबोर्ड रुंदीत आकसतो, धातूचा फ्रेट आकसत नाही, म्हणून टोक बाहेर येतं.

आणि बाळा ती पश्चिमेची भिंत!! दिवसभर तापलेल्या भिंतीवर टांगलेला, संध्याकाळी कूलर लावला की समोरून ओली हवा. आपल्याकडे मे मध्ये बाहेरची आर्द्रता दुपारी वीस टक्क्यांच्या खाली जाते, कूलर चालू असलेल्या बंद खोलीत ती साठ-सत्तरवर सहज चढते. म्हणजे तो बेस रोज उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बघतो. आतल्या भिंतीला घे, कूलरच्या झोतातून काढ, वाजवून झाला की बॅगेत बंद. एक साधं डिजिटल हायग्रोमीटर आणून बॅगेच्या खिशात टाक, 45 ते 55 च्या मध्ये राहिलं तर लाकूड खूश. आणि कार्यक्रमाच्या दिवशी कारच्या डिकीत ठेवून जेवायला जाऊ नकोस, बंद गाडीत इतकं तापतं की जोडाचा गोंद मऊ होऊ शकतो.

अजून एक, खडखड अँपमधून ऐक. बिना अँपचा बेस शांत खोलीत वाजवला तर थोडी खडखड सगळ्यांचीच येते. स्पीकरमधून येत नसेल तर ती प्रेक्षकांपर्यंत जाणारच नाही.

मनीषनगर_बेस

ताई, दादा, लय धन्यवाद. पात्यांची गेज आणली, मोजत बसलो रात्री, आईला पहिल्या फ्रेटवर बोट ठेवायला लावलं, ती म्हणे हे काय चाललंय. फटच नाही. 0.05 चं सगळ्यात पातळ पातं पण जात नाही, तार जवळजवळ टेकलेलीच आहे. कार्डवाली टेस्ट पण केली, दहा फ्रेटमध्ये कुठेच डुगडुगत नाही. बेस आता आतल्या भिंतीला आहे.

रॉड हेडस्टॉककडून (दांडीच्या वरच्या टोकाकडून) आहे, झाकण उघडलं तर आत षटकोनी खाच दिसते. घरी सेट आहे त्यातली 4 एमएमची ढिली बसते आणि 5 ची जातच नाही. काय करू?

टॅपेट

हात नको लावू त्याले 4 नं. 4 आणि 5 च्या मधात म्हणजे इंचवाली असन, 3/16 म्हणजे 4.76 एमएम, ती लावून पाय. इंचाचा सेट हार्डवेअरवाल्याकडे भेटते, गांधीबागकडे गेला तर नक्की. घट्ट आणि तळापर्यंत बसली पायजे, मगच फिरव.

0.05 पण जात नसन तर दोन पाव आटे लागतीन असा अंदाज. पण एका दिवशी एकच. पहिला फिरव, ट्यून कर, रात्रभर राहू दे, सकाळी मोज. लाकडाले वेळ लागते, लगेच दिसते तेवढंच खरं नाही, काही वेळा सकाळी अजून थोडं सरकलेलं असते.

जुना_ऑर्केस्ट्रा

पोरा, नेकचं या दोघांनी व्यवस्थित सांगितलं, त्यात मी पडत नाही. तुझ्या हूंऽऽ बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो, माझ्या मते तुझा खरा धोका तिथे आहे.

घरचा आवाज आधी. जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप असतात आणि साधारणपणे ते एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात, म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवले की त्यांचा हम, म्हणजे तो हूंऽऽ, एकमेकांना मारतो. एक जरी कमी केलास की येणार. तारांना हात लावल्यावर कमी होतो म्हणजे ब्रिजची अर्थ वायर जुडलेली आहे, बेसमध्ये मोठा बिघाड नाही. त्या खोलीत ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, कूलरची मोटर काय काय असेल, त्यांच्यापासून तोंड फिरवून बस, फरक कळेल. पुढेमागे आतल्या खोबणीला तांब्याची टेप लावून घे, उरलेला पण बराच जाईल.

आता स्टेजचं. तारांना हात लावल्यावर आवाज वाढत असेल, किंवा वाजवता वाजवता माइकला ओठ लागल्यावर मुंग्या आल्या, तर तिथल्या तिथे बेस खाली ठेवायचा. थट्टा नाही. मंडपात जनरेटर थ्री फेज असतो, साउंडवाला एका फेजवर, लाइटवाला दुसऱ्यावर आणि आपल्याला कोणीतरी पोरगा लाइटच्या बोर्डातून वायर काढून देतो. एका फेजला 230 व्होल्ट पण दोन फेजच्या मध्ये 400 च्या आसपास असतात. त्यात अर्थिंगच्या नावाने बहुतेक ठिकाणी काही नसतं, असली तर कोरड्या मातीत गाडलेली सळई, मे महिन्यात ती कसली अर्थ देते. तू कोरस पण म्हणतोस का? म्हणत असशील तर एक हात तारांवर आणि ओठ माइकवर, सर्किट तूच पूर्ण करतोस.

माझा नियम सोपा आहे. साउंड चेकच्या आधी टेस्टर घेऊन जायचं, अँपच्या धातूच्या भागाला लावायचं, ब्रिजला लावायचं, माइकच्या जाळीला लावायचं. दिवा लागला की मी वाजवत नाही, आयोजक कोणीही असो. आणि अँपची पॉवर नेहमी साउंडवाल्याच्या बोर्डावरूनच मागून घ्यायची, लाइटवाल्याकडून कधीच नाही. हम घालवायला कोणी अँपच्या थ्री पिनची मोठी पिन काढून टाकायला सांगेल, त्याचं ऐकायचं नाही, तुझ्या ओळखीचा असला तरी.

हमचा कायदेशीर उपाय म्हणजे डीआय बॉक्स, बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी पेटी. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त मिक्सरकडे जाणाऱ्या सिग्नल वायरची अर्थ तोडतं, पॉवरची नाही, म्हणून ते सुरक्षित आहे. अर्ध्या वेळा मंडपातला हम त्या एका बटणाने जातो. शिवाय तुझा बेस पॅसिव्ह आहे, तो मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये थेट घातला तर आवाज मेलेला येतो, कारण त्या पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपास इनपुट लागतो आणि मिक्सरचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. डीआय मधून घातलास की तोच बेस जिवंत होतो. साउंडवाल्याच्या पेटीत डीआय असतो पण तो कीबोर्डवाल्याला आधी देतात, हा माझा अनुभव आहे, म्हणून स्वतःचा घे. बेस पेडल असेल आणि त्याला एक्सएलआर (माइकच्या तीन पिनच्या वायरचं) आउट असेल तर तेही चालतं.

आणि गिटारवाल्याच्या अँपमध्ये बेस लावून आवाज वाढवू नकोस. ई तार 41 हर्ट्झची आहे, त्याचा स्पीकर तेवढा हलायला बनवलेला नसतो. कीबोर्डचा अँप एकवेळ चालतो.

तंबोरा

काका सिरियस झाले. पण खरं आहे, इंदोऱ्याच्या एका कार्यक्रमात माह्या ओठाले असा झटका बसला की गाण्यातलं एक पूर्ण कडवंच मी इंस्ट्रुमेंटल करून टाकलं. पब्लिकले वाटलं नवीन अरेंजमेंट.

जी_तारेखालची

@जुना_ऑर्केस्ट्रा काका, टेस्टरचं मी आजपासून करणार. माझ्या पेडलला टू पिनचा अॅडॅप्टर आहे, त्याने पण कधीकधी हाताला झिणझिण्या येतात.

जुना_ऑर्केस्ट्रा

त्या स्वस्त अॅडॅप्टरमधून थोडा करंट गळतो, तो बहुधा जीवघेणा नसतो पण बोटाला कळतो. बॅटरीवर चालवून बघ, झिणझिण्या गेल्या तर अॅडॅप्टरच आहे. नाही गेल्या तर पुढे बोर्ड तपासायचा.

मनीषनगर_बेस

अपडेट. 3/16 च बसली, एकदम तळापर्यंत. पहिल्या दिवशी पाव आटा उलटा, काहीतरी कट्ट आवाज आला, माझा जीव गेला होता पण काही झालं नाही. सकाळी 0.15 चं पातं जात होतं. दुसऱ्या रात्री अजून थोडा, पावपेक्षा कमीच, आता 0.3 चं जातं आणि 0.35 चं अडतं. खडखड ऐंशी टक्के गेली. मग ताईंनी सांगितलं तसं सतराव्यावर मोजलं, ई तार 2 च्या पण खाली होती, सॅडल वर करून 2.4 ला आणली. आता जोरात मारलं तरच थोडी येते आणि अँपमधून अजिबात नाही. दुकानवाल्याला फोन करून सांगितलं की नको.

इंटोनेशन पण बघितलं, बाराव्या फ्रेटवर दाबलेला ई हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) थोडा वर येत होता म्हणून सॅडल मागे घेतलं. बरोबर ना?

काका तुमचं वाचून आयोजकांना फोन केला, साउंडवाल्याच्याच बोर्डावरून पॉवर द्यायला ते तयार आहेत. डीआय मित्राकडून आणतोय.

आता एकच राहिलं, तारा. घाम इतका येतो की आठवड्यात काळ्या पडल्या, 45-105 गेजचा (जाडीचा) सेट आहे. नवीन टाकू का कार्यक्रमाआधी? दोन हजारांच्या आसपास जातात, म्हणून जिवावर येतं.

जी_तारेखालची

हो, सॅडल मागेच. वर येत असेल तर तार लांब करायची, खाली येत असेल तर आखूड.

तारा टाकायच्या तर आत्ता टाक, कार्यक्रमाच्या दिवशी नाही, ताणायला दोन दिवस लागतात. पण त्याच गेजच्या टाक. 45-100 चा सेट टाकलास तर खालच्या दोन तारांचा ताण बदलेल आणि नेक परत सरकेल, मग पुन्हा पाती घेऊन बस आईला हाक मारत. पैसे वाचवायचे असतील तर जुन्या तारा काढून उकळत्या पाण्यात दहा मिनिटं टाक, पुसून पूर्ण कोरड्या करून परत लाव. वळ्यांमधला मळ आणि चामडीचे कण निघतात, चकाकी काही दिवसांपुरती परत येते. एकदा-दोनदा चालतं, नंतर नाही. आणि वाजवून झाल्यावर प्रत्येक तार खालून पण पुसायची, लोक वरूनच पुसतात.

जुना_ऑर्केस्ट्रा

भीमगीतं आणि जुनी गाणी वाजवायची तर चकाकी हवी कशाला? फ्लॅटवाउंड लाव आणि विसरून जा. वरून गुळगुळीत असतात, मळ बसायला जागाच नाही, माझा सेट किती वर्षांचा आहे ते सांगितलं तर ताई ओरडेल. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन त्यांच्या 1962 च्या प्रिसिजन बेसवर फ्लॅट लावायचे आणि तार तुटल्याशिवाय बदलायचे नाहीत. ढोलकी, ढोलक, ऑक्टोपॅड एवढं सगळं वर चालू असताना बेसने खाली जाड आणि गोल राहायचं, तारेची कर्रकर्र तिथे कोणाला ऐकायची आहे.

जी_तारेखालची

काका ते त्या काळच्या मिक्समध्ये. आताच्या मंडपातल्या सबवूफरवर फ्लॅट लावले की नुसता गडगडाट येतो, सूर कुठला ते कळत नाही, थोडी वरची धार असेल तरच नोट ओळखू येते. बेसवादक मोहिनी डे सारखी माणसं वाजवतात ते जुन्या फ्लॅटवर ऐकवून दाखवा मला 🙂 आणि फ्लॅटचा ताण बहुतेक वेळा जास्त असतो, म्हणजे याला कार्यक्रमाच्या तोंडावर पुन्हा रॉड फिरवायला लावणार तुम्ही. दिवाळीनंतर करून बघू दे हवं तर.

जुना_ऑर्केस्ट्रा

सबवूफरचं मान्य. साउंडवाल्याला सांगायचं की बेसच्या चॅनलवर 40 हर्ट्झच्या खालचं कापून टाक. ऐकत नाहीत ते वेगळं.

टॅपेट

तारेवरून तुम्ही दोघं भांडा, मी त्याले एकच सांगून राहिलो. भाऊ, कार्यक्रम मोकळ्या जागेत आहे का हॉलमध्ये? मोकळ्यावर असन तर संध्याकाळी सहाले स्टेज तापलेलं राहते, तारा गरम होऊन खाली उतरतात, आणि रात्री दहाले हवा निवते तशा वर चढतात. दर चार गाण्यांनी ट्यूनर पाय. एसीच्या हॉलमध्ये असन तर अर्धा तास आधी बेस बॅगेतून काढून ठेव, आत गेल्यावर लगेच ट्यून केला तर ते काही टिकत नाही.

आणि मृग लागला, दोन-चार चांगले पाऊस झाले की परत मोज. आत्ता जेवढा आटा ढिला केला तेवढा तेव्हा कसा लागू शकते किंवा नाही पण लागन. एका वहीत तारीख, फट, आटा लिहून ठेव, दोन वर्षांत तुह्या बेसचा स्वभाव तुले समजून जाईन.

मनीषनगर_बेस

मोकळ्यावर आहे, मैदानात. ट्यूनर क्लिपवाला आहे, लावूनच ठेवतो. तारा उकळून बघतो यावेळी, ताई म्हणतात तसं.

फ्रेटची टोकं अजून टोचतात हो, नेकच्या खालच्या बाजूला जास्त. त्याचं काय करू? तीन तास वाजवायचं तर हात सोलेल.

जी_तारेखालची

पावसाळ्यात लाकूड फुगलं की बरीचशी आत जातील. आत्ता कापलीस तर तेव्हा फ्रेट कडेपासून आत राहतील आणि जी तार घसरून बाहेर जायला लागेल. फारच टोचत असेल तर जे दोन-तीन सगळ्यात वाईट आहेत त्यांच्या फक्त टोकावर 600 चा पॉलिश पेपर, बोटाने अगदी हलका, नेकला आधी मास्किंग टेप लावून. फाइल नको. फिंगरबोर्ड रोझवूड असेल तर कापडावर दोन थेंब लेमन ऑइल घेऊन पूस आणि लगेच कोरडं कर, पॉलिशवालं मेपल असेल तर तेलाचा काही उपयोग नाही.

मनीषनगर_बेस

रोझवूडच आहे. आज रात्री टेप लावून बसतो.